पदव्यांचे पीक आणि पदांचा दुष्काळ

बारावीचा निकाल लागला की वृत्तपत्रांची पाने एका विशिष्ट प्रकारच्या जाहिरातींनी भरून जातात. पांढरा कोट घातलेली हसरी मुले-मुली, मागे काचेची बहुमजली इमारत आणि वर ठळक अक्षरांत आश्वासन : आरोग्यक्षेत्रात उज्ज्वल भवितव्य! डॉक्टर होता आले नाही तरी खंत नको. परिचर्या आहे, भौतिकोपचार आहे, प्रयोगशाळा तंत्रज्ञान आहे, क्ष-किरण तंत्रज्ञान आहे. पदवी घ्या आणि नोकरी दारात उभी राहील. तालुक्याच्या गावी भरणारे मार्गदर्शन मेळावे हीच भाषा बोलतात; आणि खेदाची गोष्ट अशी की, आपल्या साथींनी भरवलेले मेळावेही याहून वेगळे काही सांगत नाहीत. बाजाराने लिहिलेली संहिता आपण आपल्या मंडपातून वाचून दाखवतो. म्हणूनच या प्रश्नाचा रोखठोक विचार करण्याची वेळ आली आहे.

दोन विधाने समोर ठेवू. या देशाला आरोग्यसेवकांची नितांत गरज आहे, हे पहिले. ते खरे आहे. आरोग्यविज्ञानाची पदवी-पदविका हाती असलेली असंख्य मुले-मुली स्थिर नोकरीवाचून वणवण करीत आहेत, हे दुसरे. तेही तितकेच खरे आहे. ही दोन्ही सत्ये एकाच वेळी एकाच जिल्ह्यात नांदतात कशी? गाव तहानलेले, विहीर भरलेली आणि पोहरा मात्र कुणीतरी कुलपात ठेवलेला, असा हा प्रकार आहे. तो पोहरा कुणाच्या कुलपात आहे हे जो सांगत नाही, त्याला तरुणांना मार्गदर्शन करण्याचा अधिकार नाही.

प्रथम या शिक्षणाची वाट धरणारे कोण आहेत ते पाहू. १९९८ साली नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार या शाखांचे पदवीशिक्षण एका छत्राखाली आले. परिचर्येची पदवी चार वर्षांची. सामान्य परिचर्या व प्रसविका पदविका तीन वर्षांची. साहाय्यकारी परिचारिका-प्रसविका, म्हणजे गावात जिला आपण नर्सबाई म्हणतो तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. या वाटेने जाणाऱ्यांत अल्पभूधारक, शेतमजूर, गिरणीतून वा कारखान्यातून बाहेर फेकले गेलेले कामगार, दलित, भटके, आदिवासी यांच्या मुली मोठ्या संख्येने असतात. घरातील पहिली शिकलेली मुलगी बहुधा शिक्षिका होते किंवा परिचारिका. तिच्या शुल्कासाठी एखादी म्हैस विकली जाते, एखादे शेत गहाण पडते. म्हणजे हा प्रश्न केवळ ‘करिअर’चा नाही; श्रमिक वर्गाने आपल्या घामाची पुंजी कुठे लावली आणि तिचे पुढे काय झाले, याचा आहे.

पदवी हाती आल्यानंतर काय होते? खासगी रुग्णालयात तुटपुंज्या पगारावर बारा-बारा तासांची पाळी, एका परिचारिकेच्या गळ्यात दोघी-तिघींचे काम, आणि सोडून जाऊ नये म्हणून मूळ प्रमाणपत्रे व्यवस्थापनाच्या कपाटात अडकवून ठेवण्याची अनेक ठिकाणची रीत. आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधर मोठ्या रुग्णालयांत रात्रपाळीचे निवासी डॉक्टर म्हणून राबतात; बिलावर नाव मात्र दिवसा फेरी मारणाऱ्या तज्ज्ञाचे असते. परिचारिकांच्या या स्थितीची दखल सर्वोच्च न्यायालयालाही घ्यावी लागली. न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने स्वच्छ शब्दांत शिफारस केली : दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला सरकारी परिचारिकेइतके वेतन मिळावे, आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही ते दरमहा २०,००० रुपयांहून कमी असू नये. केंद्राने ही शिफारस राज्यांकडे पाठविली. आपल्या तालुक्यातील किती रुग्णालये ती पाळतात, हे प्रत्येक साथीने आपल्याच गावात विचारून पाहावे. उत्तरासाठी कुठल्याही आयोगाची गरज पडणार नाही.

आता मूळ प्रश्न. माणसांची गरज असताना नोकऱ्या का नाहीत? याचे उत्तर अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठात आहे. बाजार गरज ओळखत नाही, तो मागणी ओळखतो. आणि मागणी म्हणजे पैशाचे पाठबळ असलेली गरज. मेळघाटातल्या कुपोषित बालकाचा ताप बाजाराच्या थर्मामीटरवर उमटत नाही, कारण त्याच्या आईच्या पदरी पैसा नाही. त्या तापाला पदाचे रूप देऊ शकते ते केवळ शासन. उपकेंद्रात आरोग्यसेविकेचे पद मंजूर होते तेव्हाच त्या बालकाची गरज एखाद्या शिकलेल्या मुलीची नोकरी बनते. पद मंजूर केले नाही, मंजूर केलेले भरले नाही, भरलेले कंत्राटी ठेवले, की बालक औषधावाचून राहते आणि मुलगी कामावाचून. बेकारी आणि रोगराई या दोन स्वतंत्र आपत्ती नव्हेत. एकाच धोरणाची ती दोन अपत्ये आहेत.

या धोरणाचा इतिहास ध्यानात घेण्यासारखा आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने आपला अहवाल सादर केला. ही समिती काही समाजवाद्यांची नव्हती. ब्रिटिश सरकारनेच ती नेमली होती. तरीही तिने आपल्या दीर्घ पल्ल्याच्या योजनेत दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे ७५ खाटांचे रुग्णालय असलेले प्राथमिक केंद्र कल्पिले होते. आज सपाट प्रदेशात तीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा आपला निकष आहे आणि त्यातील खाटा असतात सुमारे सहा. पंच्याहत्तर कुठे आणि सहा कुठे! प्रत्येक न उघडलेल्या खाटेमागे न निर्माण झालेली पदे आहेत : परिचारिकेचे, औषधनिर्मात्याचे, तंत्रज्ञाचे, सफाई कामगाराचे. आज जे पदवीधर रोजगारासाठी फिरत आहेत, त्यांच्या नोकऱ्या या कागदावरच राहिलेल्या खाटांत गाडल्या गेल्या आहेत.

पैसा नाही, हे यावरचे ठरीव उत्तर. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात केंद्र सरकारने स्वतःच लिहून दिले की, २०२५ पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के केला जाईल. २०२५ साल आले आणि गेले. सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली, म्हणजे महासाथीच्या छायेतही, हा खर्च १.८४ टक्केच होता. आणि देशातील एकूण आरोग्यखर्चातील सुमारे ३९ टक्के वाटा रुग्ण स्वतःच्या खिशातून उचलत होते. त्याच धोरणाने राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी असे म्हटले होते. महासाथीत ताटे वाजवून ज्यांचा गौरव केला, त्यांच्या पदांसाठी तिजोरी उघडायची वेळ येताच टाळ्यांचा आवाज थांबला.

येथे आपल्याच काही मित्रांशी वाद घालणे प्राप्त आहे. विद्यार्थी आघाडीतील अनेक साथी गेली काही वर्षे ‘जागा वाढवा’ ही घोषणा देत आहेत. हेतू निर्मळ आहे. वंचितांच्या मुलांना प्रवेश मिळावा, ही त्यामागची तळमळ आहे. परंतु मराठीत ‘जागा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत : शिकण्याची जागा आणि काम करण्याची जागा. सत्ताधाऱ्यांनी मोठ्या चतुराईने पहिला अर्थ उचलला आणि दुसरा गिळून टाकला. २०१४ साली देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती. २०२४ अखेर ती सातशेहून अधिक झाली. एम.बी.बी.एस.च्या जागा सुमारे ५१ हजारांवरून लाखाच्या पुढे गेल्या. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नवी परिचर्या महाविद्यालये, तर २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत ७५ हजार नव्या वैद्यकीय जागा जाहीर झाल्या. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार, देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत जितके तज्ज्ञ डॉक्टर हवेत त्यांच्या जवळजवळ ८० टक्के नव्हते. शिकण्याच्या जागा दुपटीने वाढल्या. सेवेच्या जागा ओस. मग ‘जागा वाढवा’ या घोषणेने नेमके कुणाचे वाढले?

वाढले ते शिक्षणसम्राटांचे. महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना मोकळे रान मिळाले. सहकारातून सत्तेवर आलेल्या घराण्यांना साखरेच्या जोडीला शिक्षणाचा नवा कारखाना सापडला. या कारखान्यात ऊस म्हणजे पालक. देणग्यांचा बोभाटा झाला तेव्हा १९८७ चा कॅपिटेशन शुल्क प्रतिबंधक कायदा करावा लागला. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन शुल्क घटनाविरोधी ठरविले. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात प्रवेश व शुल्कावर सरकारी नियंत्रणाची चौकट घालून दिली. पण २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने ती चौकट मोडली आणि २००५ च्या इनामदार निकालाने विनाअनुदानित संस्थांवरील सरकारी कोटा व आरक्षणाची सक्ती उठविली. पुढे त्याच वर्षी ९३ वी घटनादुरुस्ती झाली खरी. परंतु तोवर बाजार पुरता स्थिरावला होता.

आता शासनाने नवी वाट काढली आहे. २०२४ च्या जुलैत आर्थिक व सामाजिकदृष्ट्या मागास घटकांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय झाला. या निर्णयाचे स्वागत करण्यात आपण कद्रूपणा करता कामा नये. मुलीच्या शिक्षणासाठी गहाण पडणारे एखादे शेत त्याने वाचेल. पण यातील खासगी संस्थांच्या शुल्काचा पैसा शेवटी सार्वजनिक तिजोरीतून त्या संस्थांकडेच जातो. त्याच तिजोरीत शासकीय परिचर्या महाविद्यालये काढायला आणि उत्तीर्ण मुलींची पदे भरायला पैसा नसतो. मुलीला शिकविण्याची ऐपत आहे, तिला कामावर घेण्याची नाही, असा हा विचित्र दातृत्वाचा नमुना आहे.

शासनाने पदे अगदीच निर्माण केली नाहीत असे नाही. केली, पण कशी? २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि अभियान हाच कायमचा कारभार बनला. रोग कायमचे, रुग्ण कायमचे, केंद्राची इमारतही कायमची. तात्पुरता फक्त माणूस. अकरा महिन्यांचा करार, मध्ये एक दिवसाचा खंड, पुन्हा करार. वीस वर्षे अशी काढलेले तंत्रज्ञ व परिचारिका राज्यात आहेत. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्यात आले. आयुर्वेद वा परिचर्येची पदवी घेतलेल्या तरुणांना सहा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन हे भारदस्त नाव दिले. २०२३ साली या केंद्रांचे ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नामकरणही झाले. नाव अधिकाऱ्याचे, वास्तू मंदिराची आणि नेमणूक कंत्राटी! मानधनाचा एक हिस्सा तर ‘कामगिरी’वर, म्हणजे संगणकात भरलेल्या आकड्यांवर अवलंबून. ज्याला रुग्णाची नाडी पाहायची तो महिनाभर आकड्यांची नाडी पाहत बसतो.

या उतरंडीच्या तळाशी आशा आहे. तिला सरकार कामगार मानत नाही, ‘स्वयंसेविका’ म्हणते. २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली. ती धूळ खात पडली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा सन्मान केला आणि आपल्या सत्ताधाऱ्यांनी अभिनंदनाचे संदेश धाडले. अभिनंदनाने चूल पेटत नाही.

कंत्राटी नेमणुकीचा अर्थ केवळ कमी पगार एवढाच नाही. संकट आले की कोणाच्या मानेवर सुरी फिरते, हे त्यातून ठरते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू दक्षता कक्षाला आग लागली आणि दहा अर्भके दगावली. कारवाई झाली तेव्हा कंत्राटी परिचारिकांची सेवाच समाप्त करण्यात आली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागून अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. तेथेही परिचारिकांवर बडतर्फीची व अटकेची कारवाई झाली. वरिष्ठही निलंबित झाले, हे खरे. पण निलंबन मागे घेतले जाऊ शकते. तुटलेले कंत्राट तुटलेलेच राहते. २०२३ च्या ऑक्टोबरच्या प्रारंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात होते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन रिक्त पदांविषयी विचारणा केली. सत्ताधारी पक्षाच्या खासदाराने काय केले? अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करवून घेतले. रिक्त पदांचा जाब देण्याऐवजी हजर असलेल्या माणसाला अपमानित करणे, हीच या राजवटीची आरोग्यनीती आहे.

या संदर्भात आणखी एक बाब चळवळीने कधीही नजरेआड करू नये. नियमित पदभरतीला बिंदुनामावली असते. तीत अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास यांचे हक्काचे स्थान असते. मनुष्यबळ पुरविणाऱ्या एजन्सीमार्फत माणसे घेतली की बिंदुनामावलीची कटकट उरत नाही. आरक्षण रद्द करण्याचे धाडस नसेल तर आरक्षित पदच नाहीसे करावे, हा तो डाव आहे. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. राज्यभर संताप उसळला आणि ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. त्यापूर्वी, मे २०२२ मध्ये, बाह्ययंत्रणेमार्फत परिचारिका नेमण्याच्या घाटाविरुद्ध राज्यातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या होत्या. तात्पर्य, सरकार माघार घेते. फक्त त्याला तसे भाग पाडावे लागते.

ज्यांना येथे पद नाही, त्यांना आता परदेशाची वाट दाखविली जात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. त्यात परिचारिका व प्रयोगशाळा साहाय्यक यांचा समावेश आहे. जी मुलगी हिमतीने जर्मन भाषा शिकून तेथे जाते, तिला आपण दोष देणार नाही. तिचे कौतुकच आहे. केरळच्या हजारो परिचारिकांनी याच वाटेने आपली घरे उभी केली. पण शासनाने याला आपला पराक्रम म्हणून मिरवावे, हे संतापजनक आहे. गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये पदे रिक्त ठेवायची आणि श्रीमंत राष्ट्रांतील वृद्धांच्या शुश्रूषेसाठी आपल्या मुली निर्यात करायच्या, हे नियोजन नव्हे. एकेकाळी कापूस कच्चा जात असे. आता पक्का माल जातो, आणि त्याच्या घडणीचा खर्च मात्र आपला शेतकरी सोसतो.

आता एका अवघड प्रश्नाकडे वळले पाहिजे, कारण त्यावर आपल्यातही एकमत नाही. आरोग्यविज्ञानाच्या पदव्यांत एक जातिव्यवस्था आहे. वर तज्ज्ञ डॉक्टर, मग साधा डॉक्टर, मग इतर पॅथींचे पदवीधर, मग परिचारिका, तंत्रज्ञ, आरोग्यसेविका आणि शेवटी आशा. प्रत्येक पायरीला छत आहे. वर जाण्याचा जिना नाही. भोर समितीच्या काळी देशात पदवीधर डॉक्टरांहून परवानाधारक, म्हणजे लायसेन्शिएट, डॉक्टरांची संख्या मोठी होती. समितीने त्यांचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम बंद करून एकाच दर्जाच्या डॉक्टरचा पुरस्कार केला. काही सदस्यांनी त्याविरुद्ध भिन्नमत नोंदविले. दर्जा एक झाला, पण तो दर्जा खेड्यात गेला नाही. पुढे २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातील कलम ३२ अन्वये मर्यादित परवान्याचे ‘समुदाय आरोग्य प्रदाते’ निर्माण करण्याची तरतूद आली तेव्हा डॉक्टरांच्या संघटनांनी देशभर विरोध केला.

या वादात समाजवाद्यांनी कुठे उभे राहावे? सरकारच्या बाजूने नव्हे. कारण गरिबांसाठी स्वस्तातला अर्धा डॉक्टर आणि श्रीमंतांसाठी पुरा, ही विषमता आपल्याला अमान्य आहे. परंतु डॉक्टरांच्या मक्तेदारीच्या बाजूनेही नव्हे. सामान्य स्त्रीला शिकविले, विश्वास दिला, तर ती काय करू शकते, हे याच महाराष्ट्राने जगाला दाखविले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले आणि निरक्षर, दलित स्त्रियांतून आरोग्य कार्यकर्त्या घडविल्या. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरीच काळजी घेण्यास शिकविले. नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी खाली आल्याचा त्यांचा शोधनिबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारने हा प्रयोग स्वीकारला आणि २०११ पासून ते काम आशांवर सोपविले. मोबदला काय ठरला? एका बाळासाठी सहा-सात गृहभेटींचा संच पूर्ण केल्यास २५० रुपये! ज्या कौशल्याने अर्भकांचे प्राण वाचतात, त्याची ही किंमत. कौशल्याला कमी लेखल्याने नव्हे, तर ते कौशल्य गरीब स्त्रीच्या हाती असल्याने ही किंमत ठरते.

म्हणून आपली भूमिका स्पष्ट हवी : अर्धे डॉक्टर नकोत, पण पुरा जिना हवा. आशेला आरोग्यसेविका होता यावे, आरोग्यसेविकेला अधिपरिचारिका, अधिपरिचारिकेला विशेष अधिकारांची परिचारिका आणि ज्याची पात्रता असेल त्याला डॉक्टरही. तेही नोकरीत राहून, पगारी रजेवर, शासनाच्या खर्चाने. क्यूबाने १९९९ पासून हवाना येथील लॅटिन अमेरिकन वैद्यक विद्यालयात देशोदेशीच्या गरीब घरांतील मुलांना विनामूल्य डॉक्टर केले; अपेक्षा एवढीच की त्यांनी आपल्या उपेक्षित वस्त्यांत परतून सेवा करावी. एका छोट्या, नाकेबंदीने गांजलेल्या देशाला जे जमले ते आपल्या विशाल राज्याला अशक्य आहे, असे कुणी म्हणू नये.

याच भूमिकेतून आपल्या मागण्या निघतात. शिकण्याची नवी जागा मंजूर करताना तिच्यासोबत सेवेची पदे मंजूर झाली पाहिजेत. नवे महाविद्यालय शासकीय असले पाहिजे. आरोग्य खात्याचा आकृतिबंध आजच्या लोकसंख्येवर बेतून रिक्त पदे नियमित भरतीने, बिंदुनामावलीप्रमाणे भरली पाहिजेत. अभियानातील जुन्या कंत्राटी कर्मचाऱ्यांचे समायोजन झाले पाहिजे. आशा व गटप्रवर्तकांना कामगाराचा दर्जा मिळाला पाहिजे. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाची २०१६ ची शिफारस राज्याच्या कायद्यात उतरली पाहिजे. आणि २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याने तंत्रज्ञ, भौतिकोपचारक इत्यादींना जी मान्यता दिली, ती नोंदणीच्या कागदापुरती न राहता वेतनश्रेणी व पदोन्नतीत दिसली पाहिजे.

मागण्यांची यादी करणे सोपे आहे. त्यामागे बळ उभे करणे कठीण. आज डॉक्टरांची संघटना वेगळी, परिचारिकांची वेगळी, तंत्रज्ञांची वेगळी, आशांची वेगळी, विद्यार्थ्यांची तर बहुधा नाहीच. एकीचा संप चालू असताना दुसरी तिची पाळी भरून काढते. ही फाळणी मोडणे हे आपले काम आहे. प्रत्येक तालुका समितीने माहितीच्या अधिकाराखाली आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची व ग्रामीण रुग्णालयाची मंजूर पदे, भरलेली पदे आणि कंत्राटी पदे मागवावीत. ती ग्रामसभेत वाचून दाखवावीत आणि चावडीवर लावावीत. गावातील परिचर्या, फार्मसी, तंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना त्या सभेला बोलवावे. ज्या रिक्त पदामुळे रात्री बाळंतिणीला चाळीस मैल न्यावे लागते, तेच पद आपल्या बेकारीचे कारण आहे, हे एकदा त्यांना दिसले की रुग्णाचे नातेवाईक आणि बेकार पदवीधर एकाच मोर्चात चालू लागतील. आरोग्याच्या चळवळीला आजवर जी फौज मिळाली नाही, ती येथे उभी राहू शकते.

आणि मार्गदर्शन मेळाव्यात आपल्याकडे आलेल्या मुलीला काय सांगायचे? शिकू नकोस, असे कदापि नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाईंनी देह ठेवला. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पदवी घेऊन चीनच्या रणभूमीवर गेले आणि १९४२ साली तेथेच कामी आले. डॉ. बाबा आढावांनी वैद्यकी शिकून हमालांची पंचायत बांधली. आरोग्यविज्ञान ही माणसाच्या दुःखाला थेट हात घालणारी विद्या आहे. ती श्रमिकांच्या मुलांनी शिकलीच पाहिजे, वरचढ ठरून शिकली पाहिजे. पण तिला हेही सांगितले पाहिजे की, शाळेच्या माहितीपत्रकात छापलेली नोकरी अस्तित्वात नाही; ती मिळवावी लागणार नाही, निर्माण करून घ्यावी लागणार आहे. अर्ज करून ती येत नाही. संघटना करून येते.

प्रवेशअर्जासोबत तिच्या हाती संघटनेचा अर्जही देऊ. तेच खरे मार्गदर्शन.